भोंग्यावरची माफी

माफ कसं करावं हे कोणाला शिकायचं असेल तर त्यानं माझ्याकडे येऊ नये. मी एकाच बाईला अकरा नाताळ माफ केलं, आणि तेही भोंग्यावरून.

आमच्या तांड्याच्या टोकाला टिनाचं शेड आहे. तिथं आमची मंडळी भरते. मंडळी म्हणजे प्रभू येशूला मानणारी आम्ही तेवीस-चोवीस माणसं. मानोऱ्याहून पास्टर सेवादास दर रविवारी मोटरसायकलवर येतात. गाणी होतात, वचन होतं, मग साक्ष. प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं, ती साक्ष. कोणाचा ताप उतरलेला असतो, कोणाची दारू सुटलेली असते. शेडवर एक भोंगा बांधलेला आहे आणि त्याचं तोंड नाल्यापलीकडच्या गावाकडे आहे. चांगली गोष्ट आहे, गावालाही ऐकू गेली पाहिजे, असं सगळ्यांचं मत पडलं होतं. माझंही पडलं होतं.

रविवारी कोणीही साक्ष देतं, पण नाताळाची मोठी साक्ष माझी. मी पंचवीस वर्षं अंगणवाडी सेविका होते, त्यामुळे आवाजाला तोटा नाही. कुठं थांबायचं, कुठं पदर डोळ्यांना लावायचा, हे मला बरोबर कळतं. कामरगावकडच्या मंडळीतल्या बाया जीप करून ऐकायला यायच्या. आमचे हे, अमरसिंग, मंडळीत येत नाहीत. ते म्हणायचे, "सुंदर, तुले प्रभू भेटला थे ठीक हाये, पन मायक भेटला थे लय वाईट झालं." मी त्यांच्याकडे लक्ष देत नव्हते. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाल्यावर कोण लक्ष देतं?

साक्ष अशी असायची. गावातल्या अंगणवाडीत मी सेविका आणि वच्छला मदतनीस. ती नाल्यापलीकडची, गावातली, माझ्याहून वर्षभरानं मोठी. चौदा वर्षं आम्ही एका चुलीवर लेकरांची खिचडी शिजवली. आणि एक दिवस तिनं तालुक्याला अर्ज दिला की सेविका लेकरांचा आहार घरी नेते. चौकशीला जीप थेट तांड्यात आली. माझ्या सैपाकघरातले डबे अंगणात आणून एकेक करून उघडले. डाळीचा, गुळाचा, हळदीचासुद्धा. सगळा तांडा उभा राहून पाहत होता. निघालं काहीच नाही. जीप निघून गेली, डबे तसेच उघडे राहिले आणि कोंबड्या डाळीत शिरल्या.

कोंबड्यांच्या जागी लोक हमखास रडायचे.

मग मी सांगायचे की त्या वर्षी माझं खाणं सुटलं, कोणाला तोंड दाखवावंसं वाटेना. शेजारच्या रंजीतानं माझ्यासाठी प्रार्थना केली, हाताला धरून मंडळीत नेलं. हे मात्र सगळं खरं आहे. प्रभूनं मला मरणातून ओढून काढलं, यात मी आजही कानामात्रा बदलणार नाही. आणि शेवटी, "प्रभू म्हनला माफ कर, अन् मी वच्छलाले माफ केलं." इथं मी थांबायचे. शेडमध्ये हालेलुयाचा गजर व्हायचा आणि मी खाली बसायचे.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. रविवार होता, आणि घरात पीठ संपलं होतं. चक्की गावात आहे, आणि थ्री-फेज लाईन त्या आठवड्यात सकाळचीच होती. मंडळीला जावं तर दुपारी पोळ्या कशाच्या करायच्या? म्हटलं प्रभू समजून घेईल, आणि गव्हाची पिशवी घेऊन नाला ओलांडला. इतक्या वर्षांत साक्षीच्या वेळी मी शेडच्या बाहेर अशी पहिल्यांदाच होते.

चक्कीवाला हरीओम माझं दळण टाकणार, तेवढ्यात लाईन गेली. पट्टा फिरायचा थांबला, आणि त्या शांततेत आमचा भोंगा कानावर आला. मी चाटच पडले. मला वाटायचं गावात गाण्याचा नुसता सूर येत असेल. इथं तर शब्द न् शब्द, श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येत होता. अंजूची साक्ष चालली होती. अंजू आमच्या तांड्यातली तरुण सून. सासरा भाऊसिंग दारू पिऊन यायचा, एकदा त्यानं तिची लग्नातली पेटी रस्त्यावर फेकली होती. ते सगळं ती सांगत होती. पेटीतून काय काय बाहेर पडलं तेही.

आणि भाऊसिंग चक्कीसमोरच्या हॉटेलात चहा पीत बसलेला. तीन वर्षं झाली, त्यानं दारूला हात लावलेला नाही.

"भाऊसिंग, माफ केलं बापा तुले," बाकावरचा एक जण म्हणाला. "मांगच्या महिन्यातबी केलं होतं. किती डाव करन ते?"

लोक हसले. भाऊसिंगही हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही. अर्धा चहा तसाच ठेवून तो उठला आणि तांड्याच्या उलट्या दिशेनं, रानाकडे निघून गेला. माझ्या डोळ्यांसमोरून गेला. मान वर केली नाही.

मी हरीओमला विचारलं, "मायंबी असंच आयकू येते का रे?"

हरीओम लबाड नाही, म्हणून तो आधी गप्प बसला. मग म्हणाला, "बाई, तुमची साक्ष तं लेकरायले पाठ हाये. नक्कल करतात. कोंबड्याचा आवाजबी काढतात." आणि थोडं थांबून, "नाताळाले वच्छलाबाई घराले कुलूप लावून वावरात जाते. दिवसभर येत नाई. तिच्या नातीले, वैभवीले, शाळेत ‘अर्जवाल्या आजीची नात’ म्हनतात. तुमाले ठाऊक असन, असं वाटलं मले."

मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक करून घ्यावं असं अकरा वर्षांत एकदाही वाटलं नाही, हेही तितकंच खरं. लाईन आली, दळण झालं, मी घरी आले. पीठ गरम होतं आणि माझे हात गार पडले होते.

त्या दुपारी मी दार लावून प्रार्थनेला बसले. प्रभूला म्हटलं, मी तर तिला माफ केलं होतं ना? आणि बसल्याबसल्या मला दिसायला लागलं. रस्त्यात वच्छला दिसली की मी बाजू बदलायची. नाताळाच्या आधी आठ दिवस मनातल्या मनात ते डबे पुन्हा उघडून बसायची, म्हणजे सांगताना आवाजाला जोर येईल. चुलीतला विस्तव विझू नये म्हणून राखेखाली जपतात तसा मी राग जपला होता, आणि त्याला भक्ती म्हणत होते. आपल्या मनात कोणाबद्दल अढी असली तर ती काढून टाकावी, एवढंच मी येशूच्या शिकवणीतून उचललं होतं. त्यानं तर उलटंही सांगून ठेवलंय. देवाला काही वाहायला निघालास आणि आठवलं की दुसऱ्याच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे, तर ते तिथंच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. हे मी पन्नास वेळा ऐकलं असेल. दर वेळी वाटायचं, हे वच्छलानं ऐकायला पाहिजे.

बुधवारी मी तिच्या घरी गेले. ती ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मला पाहून हात थांबले.

"कोन मेलं?" तिनं विचारलं.

"कोनी नाई. मीच आली."

"मंग बस. नाई तं उभी राह्य, तुले उभं राहूनच बोलाची सवय हाये."

नोकरीत असताना ती मला बाई म्हणायची, तुमी म्हणायची. मी ओट्याच्या कडेला बसले. रस्त्यानं येताना मी सगळं नीट रचून आणलं होतं. त्यातलं एक वाक्य तोंडात येईल तर शपथ.

"वच्छला, मी भोंग्यावर तुयं नाव घेतलं. अकरा साल घेतलं. चुकलं मायं. माफी मांगाले आली."

ती शेंगा सोलत राहिली. "झालं?"

"हो."

"नाई झालं," ती म्हणाली. "अर्ज म्या देल्ला. खोटा होता. थे मी मानतो. त्याच्यापायी मायी नोकरी गेली, थेबी बरोबरच झालं. पन अर्जाच्या आदी काय झालं, थे तू एकाबी साली नाई सांगतलं."

मी शेंगांच्या ढिगाकडे पाहत राहिले. तीच बोलली.

"लेकरायच्या मायायची मिटिंग होती. चाळीस बाया बसल्या होत्या. तू मायी पिशवी घेतली अन् सतरंजीवर उलटी केली. डबा निंगाला. डब्यात खिचडी."

"उरलेली होती," माझ्या तोंडून निघालं.

"उरलेलीच होती. रोज कुत्र्यायले टाकत होतो आपन थे. मायी सासू खाटेवर, तोंडात दात नाई. घरी मऊ भात नव्हता त्या दिवशी, म्हून नेली. अन् तू म्हनली, ‘पाहा बायाहो, लेकरायचा घास कोन खाते.’ चाळीस बायाईसमोर." तिनं एक दाणा टोपलीत टाकला. "तुये डबे उघडले तवा तांडा तुया बाजूनं होता. मायी पिशवी उघडली तवा माया बाजूनं कोन होतं, सांग."

मी विसरले होते असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला सगळं आठवत होतं. सतरंजीचा रंगसुद्धा. तेव्हा मी त्याला शिस्त म्हटलं होतं, आणि पुढं साक्षीत त्याला जागाच ठेवली नाही. ते सांगितलं असतं तर कोंबड्यांच्या जागी कोण रडलं असतं? मला स्वतःची इतकी लाज वाटली की ओट्यावरून उठून पळून जावं. डबे उघडले त्या दिवशीसुद्धा एवढी वाटली नव्हती.

"खरं हाये," मी म्हटलं. पंचवीस वर्षं सेविका, अकरा वर्षं साक्ष, आणि तेवढे दोनच शब्द सुचले.

मी तिच्यापुढच्या ढिगातून मूठभर शेंगा ओढल्या आणि सोलायला लागले. तिनं हटकलं नाही.

"माफ करशीन?" मी उठताना विचारलं.

"पाहू," वच्छला म्हणाली. "तुयासारखी पटपट माफ कराची आपल्याले सवय नाई. अन् एक आयक. आता मायं नाव मायकात घ्याचं नाई. वाईट तं नाईच, चांगलंबी नाई."

मी हो म्हटलं आणि निघाले. नवल म्हणजे नाला ओलांडताना मला हलकं वाटत होतं. माफी मिळाली नव्हती, उलट ऐकून घ्यावं लागलं होतं. तरी बारा वर्षं छातीत जे घट्ट धरून ठेवलं होतं, ते धरायचं कारणच उरलं नव्हतं. डबे माझे उघडले तसे मीही कोणाचे तरी उघडले होते. घरी येऊन मी अमरसिंगांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच माझ्या साक्षीवर काही टोमणा मारला नाही.

नाताळाच्या आदल्या रविवारी मी पास्टर सेवादासांना बाजूला घेतलं. म्हटलं, साक्ष देईन, पण भोंगा बंद करून.

पास्टर भला माणूस आहे, पण भोंग्यावर त्यांचा जीव. "सुंदरबाई, मंग गावाले चांगली गोष्ट कशी समजन?"

"पायानं जाईन. मी परवा गेली होती."

मग मी त्यांना भाऊसिंगचा अर्धा राहिलेला चहा सांगितला. वच्छलाचं कुलूप सांगितलं. पास्टर शेडच्या आढ्याकडे पाहत राहिले. तेरा वर्षं ते इथं येतात, पण गावात बसून त्यांनीही कधी ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "गानी चालू ठेवू. साक्ष आतल्या आत."

नाताळाला शेड भरलं होतं. पताका लावल्या होत्या, कामरगावच्या बाया नव्या साड्या नेसून पुढं बसल्या होत्या. मी उभी राहिले. माईक नव्हता, तर हातांचं काय करावं कळेना. मी एवढंच सांगितलं की माझ्या हाताखाली एक बाई होती, तिची पिशवी मी चाळीस जणींसमोर उलटी केली. तिनं माझ्याशी काय केलं ते मी वर्षानुवर्षं सांगितलं, मी काय केलं ते लपवलं. प्रभूनं ते आता उघडं केलं आणि मी तिच्या दारात जाऊन आले. सगळं मिळून पाच मिनिटं. आणि खाली बसले.

कोणी हालेलुया म्हटलं नाही. कुठं म्हणायचं तेच त्यांना कळलं नाही. कामरगावची एक म्हातारी तर शेजारणीला हळूच विचारत होती, "अन् कोंबड्याचं नाई सांगत का यंदा?" मग मागून रंजीतानं विचारलं, "मंग काकी, त्या बाईनं माफ केलं का?"

"नाई अजून," मी म्हटलं. "पाहू म्हनली."

पास्टरांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, तीही नेहमीपेक्षा लहान आवाजात. त्या दिवशी अंजू साक्षीला उभीच राहिली नाही. जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा ती घरी गेली, भाऊसिंगला बोलावून आणलं आणि स्वतः त्याच्या ताटात वाढलं. तो सबंध वेळ ताटाकडे पाहत जेवला, पण पोटभर जेवला.

जानेवारी लागला. तुरी कापून झाल्या. वच्छलाचं "पाहू" काही पुढं सरकलं नव्हतं, आणि मी तिला विचारायला गेले नाही. रस्त्यात दिसली की आता मी बाजू बदलत नव्हते. ती मान हलवायची, मीही हलवायची. तेवढ्यावर मी सुखी होते, खोटं कशाला सांगू? आणि एक दिवस हरीओमच्या तोंडी निरोप आला की शनिवारी वच्छलाबाईच्या वावरात रोडगे आहेत, तुम्हाला बोलावलं आहे.

आता पंचाईत झाली. रोडगे म्हणजे नुसतं जेवण नाही. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजतात, वांग्याची भाजी, वरण, आणि सगळ्यात आधी वावरातल्या मारोतीला निवद. निवद दाखवलेलं मी खात नाही. मंडळीत आल्यापासून नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. बारा वर्षांनी वच्छलानं जेवायला बोलावलं आणि मी ताटावरून उठले, तर तिच्या पाहुण्यांसमोर पुन्हा तिचाच अपमान. खाल्लं, तर प्रभूला काय सांगू? न जाणं तर सगळ्यात वाईट. वावर येईपर्यंत प्रार्थना करत गेले. उत्तर काही आलं नाही.

वावरात पन्नासएक माणसं होती. धूर होता, माणसं पळसाच्या पानांवर पंगतीत बसत होती. मारोतीपुढं निवदाचं ताट दिसत होतं. वच्छलानं मला पाहिलं, पंगतीकडे जाऊ दिलं नाही, दंडाला धरून बोरीच्या झाडाखाली नेलं. तिथं एका कोपऱ्यातल्या दगडावर परातीनं झाकलेलं काहीतरी होतं. तिनं परात उचलली. खाली रोडगे, भाजी, वाटीत तूप.

"बस अन् खाय," ती म्हणाली. "तुये आदी काढून ठेवले. मारोतीले मंग दाखवला निवद."

चौदा वर्षं मी त्या बाईसोबत काम केलं आहे. तिच्या घरी निवद दाखवायच्या आधी लेकराला बोट चाटू देत नाहीत, हे मला माहीत आहे.

"देवाच्या आदी?" मी विचारलं.

"देव समजून घेते," वच्छला म्हणाली. "तुलेच टाइम लागते समजाले."

मला रडू आलं. मायकासमोर पदर कधी उचलायचा हे कळणाऱ्या मला त्या दिवशी पदर सापडला नाही. मी प्रभूचे आभार मानले, रोडगा कुस्करला, त्यावर तूप घेतलं आणि खायला लागले. वच्छला समोर उकिडवी बसून पाहत होती.

"वांग्यात तिखट जास्त झालं का?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "लय झालं."

"मंग रोडगा घे अजून. चार काढले हायेत."

मी चारही खाल्ले.